पदवीची वाट पाहण्याची किंमत कोण मोजतो?

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेकारीवर बोलायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः दोन प्रकारची माणसे येतात. शिक्षण मिळाले नाही म्हणून ज्याला काम नाही तो एक, आणि शिक्षण मिळूनही ज्याला काम नाही तो दुसरा. आज मी तिसऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. त्याचे शिक्षण पुरे झाले आहे. परीक्षा देऊन झाली आहे. बहुधा तो उत्तीर्णही झालेला आहे आणि त्याला घेऊ इच्छिणारी एखादी कचेरीही असेल. परंतु तो पदवीधर आहे असे अधिकृतपणे सांगणारा कागद विद्यापीठाकडून अद्याप यायचा आहे. विद्यार्थी म्हणून मिळणाऱ्या त्याच्या सवलती संपलेल्या असतात. वसतिगृहातील खोली सोडावी लागते, एस.टी.चा पास जातो, शिष्यवृत्ती थांबते. आणि पदवीधर म्हणून मिळावयाचा हक्क मात्र सुरू झालेला नसतो. या दोन अवस्थांच्या मधल्या फटीत तो कधी दोन महिने, कधी सहा महिने उभा असतो.

हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा आहे, त्यासाठी अभ्यासवर्ग कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. जन्मभर अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला मात्र तो निराळा दिसतो. विलंब होतो विद्यापीठात, त्याची किंमत मोजली जाते विद्यार्थ्याच्या घरी. ज्याच्या घरी शिल्लक कमी, त्याला ती अधिक जड जाते. आणि ही किंमत विद्यापीठाच्या जमाखर्चात कोठेही लिहिली जात नाही. ज्या खर्चाचा बोजा खर्च घडवून आणणाऱ्यावर पडत नाही, तो खर्च आपोआप कमी होत नाही, हा अर्थशास्त्रातला अगदी प्राथमिक नियम आहे. तेव्हा प्रश्न शिस्तीचा आहे त्याहून अधिक वाटपाचा आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

कागदाला मोल कोण देतो?

ज्ञान महत्त्वाचे, कागद कशाला हवा, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ भेटतात. त्यांचे स्वतःचे कागद बहुधा चौकटीत घालून भिंतीवर लावलेले असतात. नोकरीच्या बाजारात मालकाला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही. म्हणून तो बाहेरून दिसणारी खूण शोधतो आणि पदवी ही तशी खूण असते, अशी मांडणी मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली केली. २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत ते होते. रोनाल्ड डोअर यांनी १९७६ साली ‘द डिप्लोमा डिसीज’ या ग्रंथात दाखविले की जे देश औद्योगिकीकरणाच्या शर्यतीत उशिरा उतरले, त्यांच्यात प्रमाणपत्रांचा हव्यास अधिक तीव्र असतो. आपला देश त्यांतलाच. खूण हीच बाजारातली चलनी वस्तू असेल, तर खूण उशिरा देणे म्हणजे कमावलेला माणूस काही काळापुरता बाजारातून बाद करणे होय.

या खुणेवर शिक्का कोणाचा, याला किती मोल असते, ते पुण्याइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच अनुभवले असेल. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली हिंगण्यास महिला विद्यापीठ काढले. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. पुढे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. परंतु त्या विद्यापीठाच्या पदवीला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. मधल्या पस्तीस वर्षांत तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या अंगी विद्या होती, कर्तृत्व होते, मात्र सरकारदरबारी चालणारा शिक्का नव्हता. असहकाराच्या लाटेत १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला १९८७ साली. परकीय सत्तेचा शिक्का नाकारण्यात त्या पिढीचा त्याग होता आणि तो तिने समजून-उमजून पत्करला होता. आजचा विद्यार्थी कोणाचाही शिक्का नाकारीत नाही. तो शुल्क भरून, परीक्षा देऊन, रांगेत उभा राहून तो मागत आहे. त्याच्यावर लादलेल्या प्रतीक्षेला त्याग म्हणता येणार नाही.

कागदाचा प्रवास

परीक्षेचा शेवटचा पेपर आणि हातात पडणारे पदवी-प्रमाणपत्र यांच्यामध्ये किती टप्पे असतात ते आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. उत्तरपत्रिका तपासणे, महाविद्यालयाकडून अंतर्गत गुण येणे, गुणांची जुळणी, निकाल, गुणपत्रिका, तात्पुरते पदवी-प्रमाणपत्र, पदवीसाठी वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क, अधिकार मंडळांची संमती, दीक्षान्त समारंभ आणि अखेर प्रमाणपत्र. यांपैकी एखादा दुवा निखळला की ‘निकाल राखून ठेवला आहे’ असा शेरा पडतो. त्या शेऱ्याचे कारण पुष्कळदा विद्यार्थ्याच्या हातातले नसते. महाविद्यालयाने अंतर्गत गुण वेळेवर धाडलेले नसतात, पात्रतेचा कागद कोठे तरी अडकलेला असतो, आईच्या नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झालेले असते.

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले तेव्हा त्याचे कार्यक्षेत्र जळगावपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेले होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि हे क्षेत्र आटोपशीर झाले. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. आज पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. तरीही सुरगाण्याच्या किंवा अकोल्याच्या आदिवासी पाड्यावरून गणेशखिंडीत एक खेप घालायची म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि वर गाडीभाडे जाते. अर्ज आता संगणकावरून करता येतात हे खरे. परंतु अडलेले काम सोडवायला माणसालाच जावे लागते, आणि एका खेपेत ते क्वचितच सुटते.

या प्रवासाला कायद्याने मुदती घातलेल्या आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ असे सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांत लावावा. तसे न घडल्यास विलंबाची कारणे देणारा सविस्तर अहवाल कुलपतींना आणि राज्य शासनाला सादर करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००८ च्या विनियमांनुसार विद्यार्थी पदवीस पात्र ठरल्यापासून १८० दिवसांच्या आत पदवी दिली गेली पाहिजे. मुदती आहेत, अहवाल आहेत. मात्र मुदत उलटली तर त्या विद्यार्थ्याचे जे नुकसान झाले त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोठेही नाही. विलंबाचा अहवाल वर जातो, विलंबाचा भार खाली येतो. शिवाय १८० दिवस म्हणजे सहा महिने झाले. सहा महिने कोणती जाहिरात थांबून राहते?

शेवटची तारीख

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत एक ओळ असते, ‘अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास उमेदवाराने अर्हता धारण केलेली असावी.’ ही ओळ किती जणांचे आयुष्य वळवते ते पाहायचे असेल तर जम्मू-काश्मीरमधील एका खटल्याची हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कनिष्ठ अभियंत्यांच्या जागांसाठी अर्जाची अंतिम तारीख होती १५ जुलै १९८२. तेहेतीस उमेदवारांनी अभियांत्रिकीची परीक्षा दिलेली होती, पण निकाल लागलेला नव्हता. निकाल लागला २१ ऑगस्टला, आणि मुलाखती सुरू झाल्या २४ ऑगस्टला. म्हणजे मुलाखतीला बसताना ते सर्व पदवीधर होते. वाद न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने आधी त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे १९९७ साली फेरविचारात मात्र असे ठरविले की अर्हता अंतिम तारखेलाच पाहिली पाहिजे, नंतरचा निकाल विचारात घेता येणार नाही. झालेल्या नेमणुकांना हात लावला गेला नाही, परंतु तत्त्व कायम झाले.

न्यायालयाच्या तर्काला एक बाजू आहे. जाहिरात वाचून ज्यांनी प्रामाणिकपणे अर्जच केला नाही त्यांच्यावर अन्याय होऊ नये, ही ती बाजू होय, आणि ती मला मान्य आहे. पण या तत्त्वाचा परिणाम पाहा. अंतिम तारीख ठरवणार नोकरी देणारे खाते, निकालाची तारीख ठरवणार विद्यापीठ, आणि दोन तारखांमधल्या अंतराची शिक्षा भोगणार तिसराच. पाच आठवड्यांच्या अंतरावर पंधरा वर्षे खटला चालला. ज्याची वकील लावण्याची ऐपत नाही तो जाहिरात वाचतो, घडी घालून ठेवतो आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहू लागतो. पुढच्या वर्षी जाहिरात येईलच असे नाही, आणि आली तर वयाची अट असतेच.

हिशेब

आता साधा हिशेब मांडू. समजा, नव्या पदवीधराला महिन्याला १५,००० रुपयांची नोकरी मिळू शकते आणि कागद नसल्यामुळे ती चार महिने लांबते. बुडालेला पगार झाला ६०,००० रुपये. तो सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट घेऊन राहतो, मेसमध्ये जेवतो, त्याला समजा महिन्याला ७,००० रुपये लागतात. ते झाले २८,०००. एकूण ८८,००० रुपये. असे फक्त १,००० विद्यार्थी धरले तर ८ कोटी ८० लाख रुपये होतात. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही आपल्या भागातले घालून पाहा. मुद्दा असा की उत्तरपत्रिका वेळेवर तपासण्यासाठी आणि परीक्षा विभागातल्या जागा भरण्यासाठी पैसा नाही असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तो पैसा वाचलेला नसतो. तो हजार घरांतून गोळा झालेला असतो, फक्त त्याची पावती कोणी फाडत नाही.

पदवीच्या कागदाची किंमत खुद्द शासनानेही लावून दिली आहे. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तीत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची. म्हणजे पदवीधर असल्याचा पुरावा ज्याच्याकडे नाही, तो शासनाच्या लेखी बारावीच. दरमहा ४,००० आणि सहा महिन्यांत २४,००० रुपयांचा हा फरक आहे. एका हाताने शासन पदवीची किंमत ठरवते, आणि त्याच शासनाच्या कायद्याने चालणाऱ्या विद्यापीठात पदवी लांबली तर दुसरा हात खिशातच राहतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ते ३.४ टक्के होते. यावरून शिक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो चुकीचा आहे. ज्याच्या घरी चूल दुसऱ्याच्या पगारावर पेटते, त्यालाच बेकार राहणे परवडते. ज्याला परवडत नाही तो मिळेल ते काम धरतो आणि बेकारांच्या यादीतून नाहीसा होतो. पूर्वी पदवीधर बहुतेक वाट पाहू शकणाऱ्या घरांतून येत. गेल्या दोन पिढ्यांत चित्र बदलले. शेतमजुराची, हमालाची, ऊसतोडणी कामगाराची मुले पदवीपर्यंत आली. ही आपल्या चळवळीच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. परंतु विद्यापीठाची व्यवस्था अजून वाट पाहू शकणाऱ्या मुलांच्या मापानेच बेतलेली आहे. ज्याच्या घरी सहा महिन्यांचा दाणागोटा आहे त्याच्या दृष्टीने विलंब ही कटकट असते. ज्याच्या घरी तो नाही त्याच्या दृष्टीने विलंब म्हणजे उतरंड होय. तो मोटारसायकलवर घरोघर पार्सले पोचवू लागतो, आणि पदवी हातात येईपर्यंत त्या कामाच्या हप्त्यांत असा अडकतो की पदवीचे काम शोधायला त्याला उसंत राहत नाही.

मुलींच्या बाबतीत तर घड्याळ निराळेच असते. माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. दुष्काळी तालुक्यातली, घराण्यातली पहिली पदव्युत्तर. एका कचेरीत तिची निवड झाली, महिन्याभरात प्रमाणपत्र द्या असे सांगण्यात आले. तिचा निकाल एका विषयाच्या अंतर्गत गुणांसाठी राखून ठेवलेला होता. ते गुण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला अडीच महिने लागले. यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले गेले. संस्थांची नावे मी घेत नाही, कारण ही गोष्ट एकाच ठिकाणी घडते असे नाही. घरच्यांनी तिला शिकू दिले होते ते नोकरीच्या भरवशावर. नोकरी लांबली तशी स्थळे येऊ लागली. वडील वाईट नव्हते. “किती दिवस सांगू लोकांना, कागद यायचाय म्हणून?” एवढेच ते म्हणाले. मुलाच्या प्रतीक्षेला समाज उमेदवारी म्हणतो, मुलीच्या प्रतीक्षेला वय वाढणे म्हणतो.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की घाई केली तर चुका होतील. त्याचे उत्तर शेजारच्या मुंबई विद्यापीठात २०१७ साली मिळाले. तेथे उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना एकदम लागू करण्यात आली. निकाल रखडले. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली आणि निकाल त्यानंतरही लागत राहिले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या हुकल्या त्यांना काय मिळाले? पुढे २०२० साली महामारीत अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावरून राज्य शासन आणि अनुदान आयोग यांच्यात वाद झाला. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असा निर्णय दिला आणि महाराष्ट्रातल्या परीक्षा ऑक्टोबरपर्यंत गेल्या. दोन्ही वेळी निर्णय घेणारे निराळे होते आणि ताटकळणारे निराळे. तयारी न करता यंत्रे आणणे ही घाई होय. वेळेत तपासणीस नेमणे, त्यांना रास्त मोबदला देणे, रिक्त पदे भरणे याला घाई म्हणत नाहीत.

येथे कार्यकर्त्यांना एक सावधगिरीची सूचना देतो. खिडकीपलीकडच्या कारकुनावर ओरडून हा प्रश्न सुटणार नाही. तो अनेकदा स्वतःच कंत्राटी असतो, तिघांचे काम एकटा करीत असतो. उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबत असतो आणि त्याचे मानधन महिनोन्महिने थकलेले असते. खिडकीच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोघेही एकाच काटकसरीचे बळी आहेत. त्यांना एकमेकांसमोर उभे करणे आपल्याला परवडणार नाही.

दुसरा आक्षेप असा की तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, शिवाय आता सारे संगणकावर आले आहे. २०१७ साली राष्ट्रीय शैक्षणिक भांडाराची सुरुवात झाली, आता डिजिलॉकरमधून गुणपत्रिका व पदव्या पाहता येतात. ही सोय चांगली आहे आणि बनावट पदव्यांना आळा घालण्यास ती उपयोगी पडेल. परंतु भांडारात दाणे विद्यापीठाने टाकल्यावरच दिसणार. राखून ठेवलेला निकाल संगणकावरही राखूनच ठेवलेला दिसतो. आणि तात्पुरते प्रमाणपत्र पुरेसे असेल, तर ते वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क न घेता निकालाबरोबरच का मिळू नये?

दारे कोणती उघडी आहेत?

अन्याय झाला तर दाद कोठे मागायची? ग्राहक मंचाकडे जावे असे अनेकांना वाटते. ते दार बंद आहे. बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परीक्षा घेणारे मंडळ सेवा विकत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही. २०१० साली महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यातही तोच सूर लागला. शिक्षण ही क्रयवस्तू नव्हे, हे आपणच आजवर सांगत आलो. मग विद्यार्थी ग्राहक नसेल तर तो नागरिक आहे, आणि नागरिकाचा हक्क ग्राहकाच्या हक्काहून उणा असता कामा नये.

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु दंड झाला म्हणून ताटकळलेल्याच्या पदरात काही पडत नाही. शेजारच्या कर्नाटकाने २०११ साली केलेल्या कायद्यात विलंबाच्या प्रत्येक दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये, अर्जदाराला भरपाई ठेवली. रक्कम क्षुल्लक आहे, तत्त्व क्षुल्लक नाही. वेळ हे नागरिकाचे धन आहे आणि ते शासनाने खर्च केले तर परत केले पाहिजे, असे ते तत्त्व आहे.

हे तत्त्व महाराष्ट्राला परके नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना आठवा. १९७७ साली तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्या कायद्याने सांगितले. भत्ता फारच थोड्यांच्या हाती पडला, अंमलबजावणीत खोट होती, हे मी नाकारीत नाही. तरीही खडी फोडणाऱ्या निरक्षर बाईच्या वेळेला कायद्याने किंमत लावली होती. तिने दिलेल्या अर्जावर तारीख पडताच शासनाचे घड्याळ सुरू होत होते. ज्या राज्याने हे केले, त्या राज्यात तिच्याच नातवाची पदवी किती दिवस पडून राहावी याला किंमत नसावी काय?

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या श्रमातून सरकारी तिजोरी भरते आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, अशी त्यांची तक्रार होती. आज रयतेची मुले विद्यापीठात आली आहेत. दार उघडले, पण आतून बाहेर पडतानाचा उंबरठा अजून तितकाच उंच आहे.

आपण काय मागायचे?

माझ्या मते मागण्या पाच असाव्यात. एक, समारंभ आणि हक्क यांची फारकत करावी. दीक्षान्त समारंभ अवश्य व्हावा, आईबापांनी तो डोळे भरून पाहावा. परंतु पदवीचा हक्क निकालाच्या दिवशी जन्माला येतो, आणि त्या दिवशीच प्रत्येक उत्तीर्ण विद्यार्थ्याला तात्पुरते प्रमाणपत्र विनाअर्ज, विनाशुल्क मिळाले पाहिजे. दोन, ४५ दिवस उलटल्यावर दर दिवसाची भरपाई विद्यार्थ्याला मिळावी, आणि तिच्यासाठी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात वेगळे शीर्षक असावे, म्हणजे विलंबाची किंमत अधिसभेला आकड्यांत दिसेल. तीन, शासनाकडून शिष्यवृत्तीची रक्कम महाविद्यालयाला यायची आहे या कारणाने कोणाचाही कागद अडवू नये. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत असे अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे. तेच गुणपत्रिकेला आणि पदवीलाही लागू व्हावे. चार, राज्याच्या सर्व भरतीच्या जाहिरातींत असे स्पष्ट लिहावे की अंतिम वर्षाची परीक्षा दिलेल्यांनी अर्ज करावा आणि कागदपत्रांच्या तपासणीपर्यंत निकाल सादर करावा. सर्वांनाच तसे सांगितले तर कोणावर अन्याय होणार नाही, आणि न्यायालयाच्या तत्त्वालाही बाध येणार नाही, कारण जाहिरातच तसे म्हणेल. पाच, परीक्षा विभागातील आणि अध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात. याविना पहिल्या चार मागण्या कागदावरच राहतील.

मागण्या लिहिणे सोपे असते. अडचण वेगळीच आहे. ११ मार्च २०२१ रोजी राज्य लोकसेवा आयोगाने तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात हजारो उमेदवार रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी नवी तारीख जाहीर झाली. ते एकाच पेठेत राहत होते, एकाच अभ्यासिकेत बसत होते, त्यांची तारीख एक होती. पदवीची वाट पाहणारा मात्र एकटा असतो. त्याचे वर्गमित्र गावोगाव पांगलेले असतात, महाविद्यालय त्याचे उरलेले नसते, विद्यार्थी संघटनेच्या यादीतून त्याचे नाव गळालेले असते आणि कामगार संघटनेच्या यादीत ते आलेले नसते. त्याची अडचण त्याला स्वतःच्या नशिबाची वाटते. म्हणून या प्रश्नाला आजवर मोर्चा मिळाला नाही.

त्याला एकत्र आणण्याचे काम आपले आहे, आणि त्याची सुरुवात घोषणेपेक्षा वहीने व्हावी असे मला वाटते. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात एक वही ठेवा. तीत पाच रकाने आखा: शेवटच्या पेपरची तारीख, निकालाची तारीख, गुणपत्रिका हातात आल्याची तारीख, पदवीसाठी अर्ज केल्याची तारीख आणि प्रमाणपत्र मिळाल्याची तारीख. सहावा रकाना हुकलेल्या नोकरीचा, पगाराच्या आकड्यासह. जो येईल त्याची नोंद करा, त्याच्या अर्जाची पोच जपून ठेवायला त्याला शिकवा, पुण्याला खेप घालणे ज्याला परवडत नाही त्याचे काम इथल्या साथीने करावे. सहा महिन्यांत दोन-तीनशे नोंदी झाल्या की त्या घेऊन आपण अधिसभेच्या सदस्यांकडे, आमदारांकडे आणि शिक्षक-कर्मचारी संघटनांकडे जाऊ. विलंबाच्या अहवालात विद्यापीठ आपली कारणे लिहील. या वहीत विद्यार्थ्यांचे दिवस लिहिलेले असतील. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच या प्रश्नावर बोलणे झाले पाहिजे. वह्या आजच आखायला घ्या, हिवाळी परीक्षांचे निकाल लागायला फार दिवस राहिलेले नाहीत.